अँबेसेडरचा डिपर

उत्तनला बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पांढरी अँबेसेडर उभी असते. त्या गाडीत बसल्याशिवाय त्या गल्लीतली एकही नवरी चर्चला गेलेली नाही. गाडी फ्रँकची. फ्रँक होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. कुठल्याशा सरकारी लिलावात त्यानं ती उचलून आणली, तेव्हा शेजारपाजार हसला होता. मासळी वाहायला टेम्पो घ्यायचा सोडून यानं दारात हत्ती कशाला बांधला, असं लोक म्हणाले. पण त्याच पावसाळ्यात मागच्या आळीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या, रस्त्यात गुडघाभर पाणी, रिक्षावाले यायला तयार नाहीत, आणि हा हत्तीच तिला भाईंदरच्या दवाखान्यापर्यंत घेऊन गेला. त्यानंतर हसणाऱ्यांनीच आपापल्या पोरींच्या लग्नाला गाडी मागायला सुरुवात केली.

फ्रँकनंतर ती गाडी चालवायला शिकली ती त्याची बायको मॉली. हौस म्हणून नाही. फ्रँक दिवसदिवस होड्यांवर, आणि सुके बोंबील बाजारात न्यायचे कुणी? मग लुगड्याचा काष्टा आवळून, मागच्या सीटवर गोण्या रचून मॉली भल्या पहाटे भाईंदरला निघे. मोरव्याच्या वळणावर चहावाला तिच्या हॉर्नवरून घड्याळ लावतो, असं लोक गमतीनं म्हणत. बोंबलांची गाडी मॉलीची. नवरीची गाडी मात्र फ्रँकची. त्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, स्वतः स्टिअरिंगवर बसायचा. ते ठरलेलंच होतं, आणि मॉलीला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी फ्रँकच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, जरा जड जिभेचं. हातही पेला धरण्याइतका सुधारला. पण डावा पाय ओढतच राहिला. गाडीचा क्लच डाव्या पायाचा. आणि या जुन्या गाडीत दिव्यांचा डिपरही डाव्याच पायाचा. आताच्या गाड्यांत स्टिअरिंगपाशी दांडी असते. इथं क्लचच्या डावीकडे जमिनीवर लोखंडी बटण आहे. पायानं दाबलं की फुल लाईटचे डीम, पुन्हा दाबलं की डीमचे फुल.

फ्रँक घरी बसल्यावर लग्नाची गाडी शेजारचा रोहित चालवू लागला. रोहित एका शाळेची बस चालवतो, हात साफ आहे त्याचा. पण त्याच सुमाराला हा डिपर बिघडला. फुल लाईट नीट लागे. समोरून गाडी आली म्हणून डीमसाठी बटण दाबलं, की दोन्ही दिवे गुल. मग पाय आपटत बसायचं, पाच-सात वेळा ठोकलं की कधीतरी परत येणार. एकदा भाईंदरच्या वाटेवर डोंगरी गावाच्या पुढे समोरून डंपर आला, रोहितनं डिपर दिला आणि रस्ताच नाहीसा झाला. गाडी शेताच्या कडेला उतरली तेव्हा मागे बसलेली नवरी किंचाळली होती.

भाईंदरच्या बबन मिस्त्रीनं नवा स्विच बसवला. गाडी ठीक झाली. पुढच्या एक-दोन लग्नांनी परत तेच. बबननं परत स्विच बदलला, वायरीची टोकं घासली, पुन्हा ठीक. आणि पुढच्या लग्नाच्या संध्याकाळी पुन्हा अंधार. गल्लीत लोक म्हणू लागले, गाडीलाच पोरी सासरी सोडवत न्हाय. मॉलीला ते ऐकलं की राग यायचा. यंत्राला मन चिकटवणारा माणूस यंत्र कधी दुरुस्त करत नाही, असं फ्रँक म्हणायचा, आणि तिला ते पटलेलं होतं.

अशात जोआनचं लग्न ठरलं. जोआन ही मॉली-फ्रँकची धाकटी; मीरा रोडला एका ऑफिसात हिशेब बघते. लग्न जानेवारीतल्या एका रविवारी. दुपारी चर्च, नंतर संध्याकाळी भाईंदरला हॉल. थोरला प्रिन्स जहाजावर असतो, तो महिनाभर सुट्टी काढून आला. आल्या आल्या त्यानं गाडीचा विषय काढला.

"आय, मी एक नवी गाडी सांगून ठेवतो. पांढरीच. ड्रायव्हरसकट. हॉलला जाताना काळोख होणार. लाईट गेली तर? त्यात जोआन बसलेली असणार."

बोलणं चुकीचं नव्हतं. मॉलीनं फ्रँककडे पाहिलं. तो ताटातल्या माशाचे काटे काढत होता. काढून झालेला मासा त्यानं तसाच बाजूला ठेवला आणि उठून दारात जाऊन बसला. गल्लीतल्या इतक्या पोरी त्या गाडीतून गेल्या, आणि त्याची स्वतःची भाड्याच्या गाडीतून जाणार होती.

"सांगून ठेव," मॉली म्हणाली. "पण शनिवारपर्यंत पक्की करू नको. मना एकदा बघू दे."

"तू काय बघणार?"

"बबन्यानं स्विच बघितला. मी गाडी बघते."

प्रिन्स हसला, पण थट्टेनं नाही. आपली आय एकदा पदर खोचून बसली की काय होतं हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉलीनं दारात फ्रँकसाठी खुर्ची टाकली आणि त्याची हत्यारांची पेटी ओट्यावर आणून ठेवली. आजवर त्या पेटीतले पाने तिनं त्याच्या हातात दिले होते; कुठला कधी लागतो ते तिला न मागता कळायचं. आज तिनं ते स्वतःच्या हाताशी मांडले. फ्रँक बघत होता.

"पयलं काय?" त्यानं विचारलं. शिकाऊ मिस्त्र्यांना विचारायचा तसंच.

"पयलं बल्ब."

बल्ब काढून तिनं उन्हात धरले. आतल्या तारा शाबूत होत्या. बॅटरीला लावून पाहिले, डीमची तारही पेटली आणि फुलचीही. म्हणजे बल्बांचा दोष नाही. मग तिनं फ्रँकनं बनवलेला तपासणीचा दिवा घेतला. साधा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर गाडीच्या पत्र्याला अडकवून ती पुढच्या दारातून आडवी आत शिरली. डोकं क्लचपाशी, पाय बाहेर गल्लीत. येणाराजाणारा थबकून बघत होता.

डिपरला तीन वायरी. निळीतून करंट आत येतो; तिथं दिवा लागला. निळी-पांढरी फुलची, बटण दाबून तिथं टेकवला, लागला. पुन्हा बटण दाबलं आणि दिवा निळ्या-लालला टेकवला. ती डीमची. तिथं काहीच नाही.

"आत येतो, डीमकडं जात न्हाय," ती आतूनच ओरडली.

"मग स्विच," फ्रँक म्हणाला.

"स्विचच. पण हा तर आता आता घातलेला."

दोन स्क्रू काढून तिनं स्विच बाहेर आणला आणि फ्रँकच्या मांडीवर ठेवला. फ्रँकनं उजव्या हातानं तो उलटा केला. लोखंडावर गंज, आणि आतल्या पितळेवर जाडच्या जाड हिरवा थर. समुद्रात वर्षभर पडून वर आलेल्या वस्तूसारखा तो दिसत होता.

"खारी हवा," फ्रँकनं मान हलवली. "इथं काय टिकतं?"

हवा खारी, हे खरं होतं. पण मॉलीचं समाधान होईना. हवा तर साऱ्या गाडीला सारखी. डॅशबोर्डवरचे स्विच वर्षानुवर्षं चालू आहेत. हा एकटाच का कुजावा? ती परत आत शिरली. या वेळी वायरींना हात न लावता तिनं पायाखालची रबरी मॅट उचलली. मॅटखालचं तागाचं जाड कापड हाताला गार लागलं. तिनं ते मुठीत धरून पिळलं. बोटांमधून पाणी गळलं.

जानेवारी महिना. पाऊस जाऊन किती दिवस झालेले.

आता हे पाणी आलं कुठून? गाडी बंदरावर जाते, लोक ओल्या पायांनी बसतात. तसं असेल तर ते समुद्राचं. मॉलीनं बोट जिभेला लावलं. जन्म गेला तिचा मासळीला मीठ लावण्यात. मिठाचा कण असता तरी जीभ बोलली असती. जीभ गप्प राहिली.

ती सरपटत बाहेर आली. केस विस्कटलेले, गालाला ग्रीस.

"गोडं पाणी हाय!"

फ्रँकला आधी कळलंच नाही. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "नळाचं?"

"नळाचं. गाडीला नळाचं पाणी कधी लागतं? लग्नाच्या सकाळी. रोहित पाईप लावून काचा धुतो, मग फुलं बांधतो. आणि त्याच संध्याकाळी दिवे जातात." ती एका दमात बोलली आणि तिचा आवाज आपोआप वर गेला. "पोरी सोडवत न्हाय म्हणं! आंघोळ घालतात तिला, आंघोळ!"

आवाज ऐकून जोआन बाहेर आली. हातावर मेंदी लावायला अजून अवकाश होता, म्हणून आईनं तिलाच बादली आणायला लावली. मॉली टॉर्च घेऊन पुन्हा क्लचपाशी आडवी झाली.

"काचेच्या खाली, मधोमध ओत. हळू."

जोआननं तांब्यानं पाणी सोडलं. एक तांब्या, दुसरा. आत काहीच होईना. इंजिन आणि पायांच्या मधे जी पत्र्याची भिंत असते, तिच्यावर टॉर्चचा उजेड फिरवत मॉली वाट पाहत होती. मान अवघडली. आपलं चुकलं की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. तेवढ्यात वायरींचा जुडगा जिथून भिंत ओलांडून आत येतो, त्या भोकाशी काहीतरी चमकलं. थेंब. तो वायरीला धरून खाली निघाला, वाटेत दुसरा त्याला मिळाला, आणि दोघं मिळून वायरीच्या टोकाशी पोचले. टोकाशी डिपर असतो. आता तिथं मॉलीच्या तळहाताची वाटी होती, थेंब तिच्यात पडला.

"धरला!" ती ओरडली. "फ्रँक, धरला!"

भोकाला बसवलेली रबरी कडी वयानं सुकून दगड झाली होती, तिला एका बाजूनं तडा गेला होता. काचेखाली साठलेलं पाणी तिथून आत शिरे आणि वायरीवरून चालत थेट स्विचमध्ये उतरे. स्विच कितीही नवा घाला, लग्नागणिक त्याच्या पोटात पाणी. बबननं दर वेळी रोग बरोबर ओळखला होता. रोग कुठून येतो तिकडे बघायचं राहून गेलं होतं.

कडी कापून काढली. तशी नवी मिळेना, म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराची कडी कापली. पण मॉलीला तेवढ्यावर भरवसा नव्हता. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तसा तिनं राळेत भिजवलेला कापूस कडीभोवती दाबून दाबून बसवला. बोटं चिकट झाली, नखं काळी पडली. फ्रँक काठी टेकत गाडीपाशी आला आणि दाराला धरून वाकला. किती दिवसांनी तो गाडीच्या आत वाकून बघत होता.

"वायर सरळ खाली नको नेऊ," तो म्हणाला. "झोळ दे. आधी खाली, मग वर, मग स्विच. उद्या आलंच पाणी तर झोळाच्या तळाला गळून पडेल. स्विचपर्यंत चढणार न्हाय."

मॉलीनं वर बघितलं. हे तिला सुचलं नव्हतं. तिनं वायरीला झोळ दिला, आणि फ्रँकनं उजव्या हातानं ती वायर पत्र्याला धरून ठेवली, तिनं पट्टी आवळेपर्यंत.

निरोप मिळाल्यावर नवा स्विच घेऊन बबन संध्याकाळी स्वतःच आला. मॉलीनं त्याला हिरवा झालेला स्विच दाखवला, तागाचं कापड दाखवलं, भोक दाखवलं. बबन गुडघ्यांवर बसला, आत डोकं घालून बराच वेळ बघत राहिला.

"आंटी, मी दोनदा याच जागी बसलोय," तो बाहेर येऊन म्हणाला. "मॅट उचलायचं डोक्यातच आलं नाही. माझ्याकडे अजून एक जुनी गाडी अशीच परत परत येतेय, मालक शिव्या घालतोय. उद्या जाऊन आधी तिची मॅट उचलतो."

"चव बी घे," मॉली म्हणाली.

"घेतो ना! आता काय, चव पण घेतो." तो मनापासून हसला. नवा स्विच त्यानं बसवून दिला, पण शेवटचे स्क्रू आवळायला पाना मॉलीच्या हातात दिला.

मग साऱ्यांनी मिळून गाडीवर बादल्या ओतल्या. प्रिन्सनं तर पाईपच लावला, आणि काचेच्या खाली नेम धरून उभा राहिला. मॉलीनं आत बसून दिवे लावले आणि डावा पाय खाली नेला. खट्. समोरच्या भिंतीवरचा उजेड खाली उतरला. खट्. वर चढला. परत, आणि परत. मॅटखाली हात घातला, कोरडं. गल्लीतली माणसं दारांत येऊन उभी होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मॉली गाडीतून उतरली नाही. हे सारं तिला थोडा वेळ एकटीला हवं होतं. मिस्त्र्याची बायको म्हणून लोक तिला ओळखत होते, बोंबीलवाली म्हणून ओळखत होते. आज तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या जिभेनं एक गोष्ट शोधून काढली होती, जी कुणालाच सापडली नव्हती.

प्रिन्सनं फोन काढून भाड्याची गाडी नको म्हणून कळवलं. मग म्हणाला, "रोहितला सांगतो रविवारचं."

"रोहितला कशाला?" फ्रँक म्हणाला.

"मग कोण चालवणार? पप्पा, तुझा पाय..."

"माझा पाय हाय तसाच हाय. मॉली चालवणार."

नवरीची आय गाडी चालवत चर्चला येते, असं उत्तनमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. आयनं मागे बसायचं, डोळे पुसायचे.

"लोक काय म्हणतील?" मॉलीच म्हणाली. आवाजात मात्र नकार नव्हता.

"म्हणतील, ती बघा मॉली," जोआन म्हणाली आणि आईच्या ग्रीस लागलेल्या गालाला गाल लावला.

रविवारी मॉलीनं लाल लुगडं नेसलं, गळ्यात सोन्याची माळ घातली, अंबाड्यात फुलं माळली आणि स्टिअरिंगवर बसली. शेजारी पांढरा शर्ट घातलेला फ्रँक, मागे जोआन तिच्या पांढऱ्या झग्याच्या ढगात. बँड पुढे वाजत होता, गाडी पावलापावलानं सरकत होती. एरवी बोंबलांच्या गोण्या घेऊन ती हाच चढ सपाट्यात चढायची. आज क्लच अर्धा दाबून ती इंचाइंचानं चढत होती. चर्चच्या दारात तिनं गाडी अशी उभी केली की जोआनचं पाऊल बरोबर पायरीवर पडावं. फादर पुढे आले, त्यांनी नवरीकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे, आणि आधी ड्रायव्हरला हात जोडले.

चर्च आटोपून हॉलकडे निघाले तेव्हा सूर्य समुद्रात गेला होता. मागच्या सीटवर आता जोआनशेजारी तिचा नवरा. डोंगरी मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडं आणि काळोख, आणि समोरून बस आली, लखलखीत. मॉलीनं पाय डावीकडे नेला. लुगड्याचा काठ घोट्यावरून सरकला. खट्. उजेड रस्त्यावर उतरला आणि तिथंच राहिला. बसवाल्यानंही दिवे खाली केले. शेजारून जाताना त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लाल लुगड्यातल्या ड्रायव्हरकडे तोंडाचा आ करून पाहिलं. फ्रँक ताठ बसला होता. त्याचा जड हात त्यानं गुडघ्यावरून उचलला आणि गिअरवरच्या तिच्या हातावर ठेवला. मग मोरव्याचं वळण येईतो बटण किती वेळा दाबलं गेलं कुणास ठाऊक. निम्म्या वेळा समोर कुणी नसतानाच.

हॉलच्या दारात पाहुण्यांनी गाडीला गराडा घातला. नवरदेवाकडच्या कुणीतरी फ्रँकचा हात धरून म्हटलं, "तुम्ही एवढ्या आजारातून उठून गाडी चालवलीत, कमाल आहे."

"मी बसलो होतो," फ्रँक मोठ्यानं म्हणाला. जीभ जड होती, तरी शब्द साऱ्या दारात ऐकू गेला. "गाडी हिनं चालवली. दुरुस्त बी हिनंच केली."

लग्नाचा मांडव उतरला, प्रिन्स जहाजावर परत गेला. एका सकाळी राई गावाहून इंदुबाई आली. ही कोळीण बाजारात मॉलीच्या शेजारी बसायची, दोघींची ओळख जुनी. ओट्यावर टेकून तिनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "नातीचं, स्वप्नालीचं लगीन हाय. गाडी पाहिजे." मग ती फ्रँककडे वळली. "देशील ना रं?"

"मना काय विचारतेस?" फ्रँकनं अंगठा बायकोकडे केला. "ड्रायव्हर ती हाय."

मॉली सूप घेऊन बोंबील पाखडत होती. तिनं मान वर केली. राईची गल्ली अरुंद, देवळापाशी गाडी वळवायला जागा कमी, हे सारं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"येते," ती म्हणाली. "लुगडं कुठल्या रंगाचं नेसू, तेवढं सांग."